सलूचा आवाज कसा गेला

दर रविवारी चर्चमध्ये आम्ही सगळे मिळून पापं कबूल करतो. उभं राहून, एका सुरात, पाठ झालेल्या शब्दांत. त्यात कुणी 'मी' म्हणत नाही, सगळे 'आम्ही' म्हणतात. त्या 'आम्ही'च्या आडोशाला मी उभं आयुष्य काढलं. शेजारचा काय कबूल करतोय ते आपल्याला कळत नाही, आपलं त्याला कळत नाही. सोय चांगली आहे. पण आज मी 'मी' म्हणणार आहे. हे बायकोला सांगितलं नाही, पाळकांना सांगितलं नाही, माझा धाकटा भाऊ सॅमी, त्यालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल तर — असू द्या.

कुठून सुरू करू? आमच्यापासूनच करतो.

आम्ही छावणीत राहायचो. पप्पा वर्कशॉपात फिटर होते आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते मिशनच्या शाळेत शिकत होते; तिथंच एका मास्तरांनी त्यांच्या बोटांना पेटी लावून दिली. बाकी शाळेतलं काही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही, पेटी राहिली. आम्ही तीन भावंडं. मी थोरला, प्रकाश. मग सलोमी, तिला सगळे सलू म्हणत. मग सॅमी. नाताळात छावणीच्या गल्ल्यांतून घरोघर गाणी म्हणत फिरायची आमच्याकडं रीत होती. पप्पा पेटी गळ्यात अडकवायचे, मी गिटार घ्यायचो, सॅमीकडं बोंगो, आणि सलू गायची. लोक चहा द्यायचे, करंज्या द्यायचे, आणि म्हणायचे, "आणखी एक म्हण गं."

तिथून लग्नांची बोलावणी यायला लागली. मग गणपतीची मंडळं, उरुसातली स्टेजं, कॉलेजांची गॅदरिंगं. 'दाभाडे भावंडं' हे नाव सॅमीनं पांढऱ्या रंगानं बोंगोच्या पेटाऱ्यावर लिहिलं, आणि तेच पडलं. आईनं एकाच ताग्यातून आमच्या सगळ्यांचे कपडे शिवले — गर्द निळे, कॉलरला चंदेरी पट्टी. आज हसू येईल तुम्हाला. तेव्हा आम्ही स्टेजवर चढलो की पोरं शिट्ट्या मारायची. हिंदी सिनेमाची गाणी म्हणायचो, कोळीगीतं म्हणायचो, इंग्रजी चालीवर मराठी शब्द बसवायचो. मराठवाड्यात पॉप म्हणजे काय ते आम्हालाही धड ठाऊक नव्हतं. पण आमच्यावाणी दुसरं कुणी नव्हतं.

आणि सलू.

सलूच्या आवाजाबद्दल काय सांगू? मी गाण्यातला माणूस आहे, चार शब्द सुचायला पाहिजेत मला. ती वरच्या पट्टीत गेली की आवाज बारीक व्हायचा नाही, रुंद व्हायचा — एवढंच मला सांगता येतं. स्टेजवरून उतरली की मात्र ती साधी वात्रट पोर. जीपमधून गंगापूरला, कन्नडला जाताना ड्रायव्हरच्या बोलण्याची नक्कल करायची. दौलताबादपाशी जीप थांबवून पेरू घ्यायलाच लावायची, आणि पेरूवाल्या बाईशी घासाघीस करताना तिच्याचसारखं बोलायची. ती बाई हसून हसून एखादा पेरू जास्तीच टाकायची.

पप्पांनी एक प्रार्थनागीत बांधलं होतं. आजी वारली तेव्हा बांधलेलं. 'थकलेल्या जिवा, घरी ये' — देव माणसाला बोलावतोय, असं. संथ चाल होती. चर्चमध्ये सलू ते गायची तेव्हा म्हातारी माणसं डोळे पुसायची. मी काय केलं — 'जिवा' काढलं आणि 'सख्या' घातलं. लय दुप्पट केली. खाली सॅमीचा बोंगो. 'थकलेल्या सख्या, घरी ये' — झालं प्रेमाचं गाणं. पप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. मग म्हणले, "शब्द बदलले तरी चाल त्याचीच हाय, प्रकाश. त्याला इचारून बदललंस का?" मी हसण्यावारी नेलं. सलूलाही ते पटलं नव्हतं. "दादा, हे नगं ना," एवढंच म्हणाली. मी म्हणालो, "तू गा गं." ती गायली.

तुम्हाला वाटेल, हाच माझा गुन्हा. नाही, हा नव्हे. हा असता तर मी केव्हाच सांगून मोकळा झालो असतो.

शहागंजात रशीदभाईंचं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. मागच्या खोलीत भिंतींना गाद्या टांगून ते कॅसेटी भरायचे — कव्वाल्या, भारूडं, जे येईल ते. आम्ही ते गाणं भरलं तेव्हा त्यांनी कानावरचे हेडफोन काढले. म्हणाले, "दाभाडेसाब, क्या तो बी आवाज है जी बच्ची का!"

ती कॅसेट चालली. चालली म्हणजे अशी, की स्टँडवरच्या हॉटेलात वाजतेय, रिक्षात वाजतेय, कन्नडच्या बाजारात भांडीवाल्याच्या गाड्यावर वाजतेय. पहिल्या कॅसेटीवर आमचा चौघांचा फोटो होता. दुसरीवर एकट्या सलूचा. रशीदभाईंनी मला आधी सांगितलंसुद्धा नाही. त्यात त्यांचं काय चुकलं? गिऱ्हाईक दुकानात येऊन "वो लडकीवाली कॅसेट" म्हणूनच मागायचं.

गंगापुरात एका कार्यक्रमात गर्दीतून कुणी ओरडलं, "ए गिटार! बाजूला सरक की, पोरगी दिसंना!" सगळे हसले. सॅमी हसला. सलूही हसली — तिला हसू पटकन यायचं, त्यात वाईट काही नव्हतं. मी पण हसलो आणि बाजूला सरकलो. ते गाणं संपेपर्यंत मी कडेच्या बांबूपाशी उभा होतो. घरी येताना जीपमध्ये सलू माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली, आणि मला तिचं डोकं जड वाटत होतं.

मग मुंबईहून एक माणूस आला. कॅसेट कंपनीचा. आमच्या पुढच्या खोलीत बसून त्यानं आईच्या हातचे पोहे खाल्ले आणि सांगितलं की मुलगी पाठवा, बाकी वाजवणारे आमच्याकडं आहेत. 'वाजवणारे' — आमच्यासमोर म्हणाला. पप्पा म्हणले, "भावंडं म्हणजे भावंडं. एकटी येणार नाय." पण तो गेल्यावर ते बराच वेळ पेटीवर हात ठेवून बसले होते. मला दिसत होतं, त्यांचं मन वळायला लागलंय. का वळू नये? बाप होते. पोरीचं भलं दिसत होतं.

त्याच पावसाळ्यात सलूचा आवाज सकाळी सकाळी बसायला लागला. दुपारपर्यंत मोकळा व्हायचा. मग दुपारीही होईना. खालची पट्टी खरखरायची. वरची मात्र लागायची, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. पप्पांना रजा नव्हती. मी तिला सायकलवर डबलसीट घालून छावणीतल्याच कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं नेलं.

म्हातारे डॉक्टर होते. कपाळाला गोल आरसा बांधून त्यांनी तिचा घसा बघितला. लहान आरसा आत घालून पुन्हा बघितला, आणि तिला 'आ' म्हणायला लावलं. मग तिला म्हणाले, "जा बाळ, बाहेर कंपाउंडरकडून औषध घे." ती गेली. त्यांनी दार लोटलं.

म्हणाले, "भाऊ ना तू? ऐक. आवाजाच्या पडद्यांवर गाठी आल्यात. बारीक आहेत, घाबरू नको. गाणं दोन-तीन महिने पूर्ण बंद. बोलणं पण कमी. इतकं केलं तर आपोआप विरतील. नाही केलं आणि अशीच ताणून गात राहिली, तर आवाज जाईल. मग मी काय, कुणीच काही करू शकणार नाही. घरी नीट सांग."

मी मान डोलावली. बाहेर आलो. सलू बाकावर बसून पायानं सॅन्डल हलवत होती, हातात औषधाची बाटली.

"काय म्हणले रं दादा?"

"सर्दी बसलीय घशात. गुळण्या कर म्हणले, मिठाच्या."

हे माझं वाक्य. जसंच्या तसं आहे. बाकी खूप विसरलो, हे विसरलो नाही.

का म्हणालो? कितीतरी वर्षं मी स्वतःला एक उत्तर देत आलो — गणपती तोंडावर होते. सगळ्या तारखा ठरल्या होत्या, मंडळांना शब्द दिले होते. गणपती उरकले की सांगू, मग बंद करू गाणं, दहा-पंधरा दिवसांनी काय फरक पडतो? हे उत्तर ऐकायला बरं आहे. भावाची चूक वाटते, हिशेब चुकला असं वाटतं. तुम्ही मला यावर सोडूनही द्याल.

पण ते खरं नाही. खरं सांगायचं म्हणून तर बसलोय ना मी?

डॉक्टर 'आवाज जाईल' म्हणाले, तेव्हा माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं. मला — कसं लिहू हे — मला बरं वाटलं. भीती नंतर आली, दारापर्यंत पोचताना. पण आधी बरं वाटलं. मुंबई नाही, एकटीचा फोटो नाही, कुणी 'सरक' म्हणणार नाही. आम्ही पुन्हा आम्ही चौघं. आणि हे वाटलं सख्ख्या बहिणीबद्दल, जिला मी बोट धरून चालवलं तिच्याबद्दल. त्या दाराशी मला ठाऊक होतं, की मी गप्प राहिलो तर काय होईल. ठाऊक असून मी गप्प राहिलो. हा माझा गुन्हा.

कन्नडला गेला तिचा आवाज. गणपतीतच, भरल्या मैदानात. तेच गाणं होतं. दुसऱ्या कडव्यात ती वर चढली, आणि वरच्या सुरावर काहीतरी फाटल्यासारखा आवाज आला. पुढं नुसता वारा. तिचे ओठ हलत होते. लोकांना वाटलं माईक गेला. माईकवाला धावला, त्यानं ठोकून बघितलं, माईक चालू होता. सलूनं वळून माझ्याकडं बघितलं. ती घाबरली होती, पण त्या नजरेत दुसरं काही नव्हतं, फक्त — दादा, सांभाळ.

मी सांभाळलं. पुढं सरकलो, तिची ओळ घेतली, गाणं पुरं केलं. लोकांनी टाळ्या दिल्या. त्या टाळ्या मला गोड लागल्या. हेही लिहून ठेवतो.

नंतर तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, पडद्याला इजा झालीय, व्रण राहणार, आधी आणायला पाहिजे होतं. पप्पांनी माझ्याकडं बघितलं. "तू नेलं हुतंस ना? तो काय म्हणला हुता?"

"सर्दी म्हणला."

दुसऱ्यांदा. पहिल्यांदा बोललो तेव्हा निदान घाई होती. या खेपेला मला विचार करायला सवड होती.

पप्पांनी त्या म्हाताऱ्या डॉक्टरला छावणीभर नावं ठेवली. लोक त्यांच्याकडं जायचे कमी झाले. ते मला एकदा दुधाच्या केंद्रावर भेटले, तर त्यांनी विचारलं, "बहीण कशी आहे? आराम दिला होता ना आवाजाला?" मी "हो" म्हणालो आणि किटली न भरताच घरी आलो.

आता तुम्ही विचाराल, सर्दीनं कुणाचा आवाज जातो का? तेच सलूनं विचारलं, स्वतःला. साधी सर्दी होती तर एवढं कसं झालं? कशाचं झालं? त्याचं उत्तर माझ्याजवळ होतं आणि मी ते दिलं नाही. मग तिनं तिचं शोधलं. एका संध्याकाळी पप्पा पेटी फडक्यात गुंडाळताना म्हणले, "त्याचं गाणं आपण बाजारात इकलं. त्यानं दिलेलं त्यानं माघारी घेतलं." पप्पा 'आपण' म्हणले होते. सलूनं ते स्वतःवर घेतलं. गायली ती होती, गेला आवाज तिचा. शब्द मी बदलले होते, पण माझं काहीच गेलं नव्हतं. म्हणजे देवाचा राग कुणावर होता, हे तिच्या लेखी उघड होतं.

दाभाडे भावंडं तिथंच संपली. वर्षभर मी गाऊन बघितलं. लोक येत, दोन गाणी ऐकत, आणि विचारत, "ती पोरगी नाय आली का?" सॅमी वाळूजला कारखान्यात लागला, मग पुण्याला गेला. त्यानं बोंगो कुणाला दिले ते मी विचारलं नाही. पप्पांनी चर्चमधली पेटी सोडली. मला बँकेत नोकरी लागली. आणि पुढं — चर्चच्या गायनमंडळाचा मी प्रमुख झालो. हो, मीच.

सलूला दोन-तीन ठिकाणं सांगून आली. बघायला यायचे, ती "या, बसा" म्हणाली की पाहुण्यांची तोंडं बदलायची. घोगरा, मध्येच तुटणारा आवाज. एका बाईनं तर आईला बाजूला घेऊन विचारलं, "पोरीला काय रोगबिग हाय का?" त्यानंतर सलूनं आईला सांगितलं की आता कुणाला बोलवू नको. ती शिवणकाम करून राहिली, त्याच घरात. रडत बसली असं समजू नका. कोंबड्या पाळल्या, नळाला पाणी येईना तेव्हा बायका घेऊन ऑफिसात जाऊन साहेबाला घोगऱ्या आवाजात असं काही सुनावलं की गल्लीत महिनाभर तेच चाललं होतं. माझ्या पोरांना तिच्या गोष्टी आवडायच्या. वाघ, राक्षस, सगळे तिच्या आवाजात खरे वाटायचे. पण चर्चमध्ये ती शेवटच्या बाकावर बसायची, आणि गाणं सुरू झालं की ओठ मिटून घ्यायची. नुसते शब्द पुटपुटायलाही तयार नसायची. मी पुढं उभा राहून मंडळाला हातानं खुणा करायचो, आणि सगळी माणसं तोंडं उघडून गाताना दिसायची — एक सोडून.

एकदा आम्ही दोघं रिक्षानं येत होतो. रिक्षावाल्यानं ती जुनी कॅसेट लावली. त्याला काय ठाऊक मागं कोण बसलंय? सलू पुढं वाकून म्हणाली, "भाऊ, बंद करा ते. पापाचं गाणं हाय." त्यानं बंद केलं. मला तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं — सलू, ती सर्दी नव्हती. एवढंच. तिनं मला मारलं असतं, थुंकली असती, पण देवाची भीती तर गेली असती तिची. मी रिक्षावाल्याला म्हणालो, "पुढच्या चौकातून डावीकडं घ्या."

असे प्रसंग एक नाही, पुष्कळ आले. पप्पा गेले तेव्हा आला. आई गेली तेव्हा आला. दर वेळी वाटायचं, आता सांगून काय उपयोग? उपयोग होता. तिला होता. मला नव्हता, म्हणून नाही सांगितलं.

मागच्या उन्हाळ्यात ती अंथरुणाला खिळली. पोटाचा आजार, उशिरा कळलेला. मी दुपारी तिच्याजवळ बसायचो, ऊन असायचं, खिडकीला ओला पडदा. बोलणं फार होत नव्हतं. एका दुपारी मला वाटलं झोपलीय, तर डोळे मिटूनच म्हणाली,

"दादा, देवानं माफ केलं असंल का रं मला?"

मी विचारलं नाही कशाबद्दल. विचारायची गरजच नव्हती. मी तिचा हात धरला होता, हाडं लागत होती हाताला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मरणाच्या दारातल्या माणसापुढं कुणी खोटं बोलत नाही म्हणतात.

"केलंय," मी म्हणालो. "केव्हाच केलंय."

तिनं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं, अगदी नीट. "तुला कसं ठाऊक?"

"मला ठाऊक आहे."

तिचा चेहरा सैल पडला. कितीतरी वर्षांत तो तसा बघितला नव्हता मी. म्हणाली, "तू म्हणतूस तर खरं असंल." आणि तिनं माझा हात थोपटला. तिनं माझा.

त्याच आठवड्यात ती गेली. आपल्या हातून पाप झालं होतं आणि ते माफ झालं, असं मानून गेली. तिनं काहीच केलं नव्हतं.